मंद लाईट, जाम टेन्शन

माझ्या गावाचं नाव जाम. हो, नुसतं जाम. ऑफिसात पहिल्या दिवशी सांगितलं तर शेजारच्या क्युबिकलमधून लगेच आवाज आला, "कुठल्या जाममध्ये अडकली होतीस? हिंजवडीच्या?" मग ब्रेडवरचा जाम झाला, शायरीतला जाम झाला, 'जाम भारी' झालं. आमच्या विदर्भात पेरूलाही जामच म्हणतात, हे सांगून मी आणखी चार विनोदांची सोय करून दिली. असो. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवरचा चौरस्ता. हायवेचा जुना नंबर सात, आता चव्वेचाळीस. चंद्रपूरला जाणाऱ्या गाड्या इथून वळतात, त्यामुळे रात्रभर ट्रकचा आवाज. आणि प्रत्येक दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं, 'यूज डिपर ॲट नाइट'.

लहानपणी वाटायचं, हे डिपर म्हणजे काहीतरी खायचं असेल. समोरच्याच्या डोळ्यावर उजेड मारू नका, एवढी साधी विनंती आहे ती, हे कळायला बारावी उजाडली. आणि तीच विनंती माझे बाबा गेली दोन वर्षं आपल्याच घरातल्या बाथरूमला करत होते, हे कळायला तर तिशी!

पण सुरुवात झाली बाणेरमध्ये. टीममधल्या एका मैत्रिणीने फ्लॅट घेतला, हाऊसवॉर्मिंगला बोलावलं. मॉड्युलर किचन, बाल्कनीत झोपाळा, सगळं बघून झालं आणि मी हात धुवायला बाथरूममध्ये गेले. दाराबाहेर स्विचच्या जागी एक गोल बटण. फिरवलं तर आतला उजेड हळूहळू चढला, उलट फिरवलं तर उतरला. अगदी नाटकात पडदा उघडताना होतं तसं. पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. बाहेर रांग लागली तेव्हा कुठे आले.

"डिमर आहे ग," मैत्रीण म्हणाली. "शुक्रवारी रात्री बादलीभर गरम पाणी, मंद लाईट, एक मेणबत्ती. स्पाला जायची गरज नाही."

तुम्ही म्हणाल, बाथरूममध्ये कसला आलाय मूड? मीही तेच म्हणाले असते. पण हिंजवडीहून दीड तास बसमध्ये चेंगरून घरी आल्यावर बाथरूम ही अख्ख्या दिवसातली एकमेव जागा असते जिथे कुणी 'दोन मिनिटं आहेत का?' असं विचारत नाही. तिथे ऑपरेशन थिएटरसारखा लख्ख पांढरा उजेड कशाला? माझा फ्लॅट भाड्याचा, घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. म्हणून मी डिमर घेतला आणि दिवाळीला जाताना बॅगेत टाकला. आपलं स्वतःचं एक बाथरूम आहे की, जाममध्ये!

अंधारात चालणारे बाबा

पुण्याहून ट्रॅव्हल्सने नागपूर, तिथून चंद्रपूरची एसटी, चौरस्त्यावर उतरायचं. पहिल्याच रात्री दोनच्या सुमाराला जाग आली. भिंतीवर कुणीतरी हात घासत चाललंय असा आवाज. बाबा होते. बाथरूमकडे निघाले होते, अंधारात, एक हात भिंतीला लावून.

मी म्हटलं, "बाबा, लाईट लावा न."

"नको. डोळ्यात घुसते बा तो लाईट. मले घर पाठ आहे."

घर पाठ असणं वेगळं आणि ओली फरशी पाठ असणं वेगळं. सकाळी आईने सांगितलं, पावसाळ्यात उंबऱ्याशी पाय घसरला होता, मनगट सुजलं होतं, 'पोरीले सांगू नको' असा हुकूम होता. मी फोनवर रोज विचारायची, सगळं ठीक? रोज उत्तर यायचं, ठीक. आपल्या सगळ्यांच्याच घरी हा सिनेमा चालू असतो, नाही का?

डोळ्यात घुसतो म्हणजे काय, हे नंतर मी वाचून काढलं. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात झालंय, उजव्याचं व्हायचंय. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. गढूळ काचेवर उजेड पडला की तो सरळ आत न जाता चहूकडे पसरतो, म्हणून उघडा बल्ब त्यांना बल्ब दिसतच नाही, पांढरा स्फोट दिसतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची तऱ्हा वेगळी. जुनं पिवळट भिंग जाऊन स्वच्छ भिंग आलेलं, त्यामुळे निळा रंग एकदम जास्त आत येतो. 'तो बल्ब निळा जळते' असं बाबा म्हणायचे आणि आम्ही हसायचो. बाबा बरोबर होते.

त्यात अंधाराचं गणित. झोपेतून उठलेला डोळा अंधाराला सरावलेला असतो, आणि असा पूर्ण सराव व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. लख्ख बल्ब लागला की तो सराव क्षणात जातो. म्हणजे बाबा दोनदा आंधळे व्हायचे: आत जाताना उजेडाने, आणि परत येताना, बल्ब बंद केल्यावर, अंधाराने. एका डोळ्याने गढूळ, दुसऱ्याने निळं. त्यापेक्षा लाईट न लावलेला बरा, असा त्यांनी सरळ हिशोब केला होता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांनंतर दुसरा नंबर पडण्याचा आहे, आणि त्यात म्हातारी माणसं सगळ्यात जास्त. आमचं घर हायवेवर. रस्ता ओलांडताना आई अजूनही माझा हात धरते. आणि धोका मागच्या बाजूला होता, दहा पावलांवर.

तर बॅगेतल्या डिमरचा हेतू तिथेच बदलला. मूड गेला चुलीत. बाबांसाठी लावायचा.

डिस्को बाथरूम

आमच्या घरी अजून सनमायकाचा लाकडी बोर्ड आहे, खटक्याचे पियानो स्विच, आणि मेनजवळ चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. माझा डिमर पुण्याच्या मॉलमधला, चकाचक मॉड्युलर. तो या बोर्डात बसणं म्हणजे आयफोनला जुन्या नोकियाची पिन लावण्यासारखं. पण मी इंजिनीअर! (कॉम्प्युटरची, हे आईने पुढे सगळ्यांना सांगितलं.) मेन बंद केला, किटकॅट ओढून खिशात ठेवला, जुन्या स्विचच्या दोन वायरी काढल्या, डिमरला जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली. डिमर बोर्डाबाहेर लोंबकळत होता. म्हटलं, आधी ट्रायल घेऊ.

मेन सुरू केला, बटण फिरवलं. बल्ब लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बटण थोडं उलट फिरवलं आणि बाथरूममध्ये गणपतीची मिरवणूक सुरू झाली! फडफड, फडफड, बंद, चालू, फडफड. वर डिमरमधून भुंग्यासारखी गुणगुण.

"बाई, हे काय लावून देलं तू?" आई दारात. "आंघोळ करायची का नाचायचं?"

यामागचा फंडा समजला तर तुमचे पैसे वाचतील, म्हणून सांगते. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणजे सेकंदात शंभर वेळा लाट येते, शंभर वेळा शून्यावर जाते. जुन्या काळी उजेड कमी करायचा तर मध्ये मोठा रोध टाकत. तो वीज अडवायचा आणि स्वतः तापायचा. जुन्या पंख्याच्या काळ्या डब्याचा रेग्युलेटर आठवतो? हात लावला की गरम? तोच प्रकार. मग जोएल स्पायरा नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या आपल्या घरात प्रयोग करून भिंतीतल्या स्विचच्या जागी मावेल असा इलेक्ट्रॉनिक डिमर बनवला आणि १९६१ मध्ये ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. हा डिमर वीज अडवून बसत नाही. चौरस्त्यावरच्या पोलिसासारखा उभा राहतो. प्रत्येक लाट आली की थोडा वेळ हात वर, 'थांब', मग 'चल'. सेकंदात शंभर वेळा. हात जितका उशिरा खाली, तितका उजेड कमी.

जुना पिवळा बल्ब हे सगळं सहन करायचा. त्यातली तार तापलेली असते, लाट मध्ये तुटली तरी ती तेवढ्यात थंड होत नाही. एलईडीचं तसं नाही. त्याच्या पोटात एक छोटं सर्किट बसलेलं असतं आणि त्याला एकच काम ठाऊक: बाहेर काहीही होवो, आत करंट सारखा ठेवायचा. समोरून तुटक वीज आली की ते गोंधळतं. उजेड टिकवायला बघतं, जमत नाही, दम सोडतं, पुन्हा सुरू होतं. ती फडफड. शिवाय जुन्या पद्धतीच्या डिमरला चालू राहायलाच काही किमान वॅटचं ओझं लागतं. शंभराच्या बल्बला तो बरोबर वागेल, नऊ वॅटचा एलईडी त्याच्या खिजगणतीतही नाही.

आणि आता घरोघरी तोच आहे. २०१५ मध्ये उजाला योजना आली, त्यातून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले आणि शंभराचा पिवळा गोळा हद्दपार झाला. चांगलंच झालं. पण त्या बिचाऱ्या नऊ वॅटवाल्याने डिमरशी संसार करायचं वचन कधीच दिलं नव्हतं. बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं नसेल तर तो डिमेबल नाही, एवढं लक्षात ठेवा. मी खोकं वाचलं नव्हतं. ऑफिसात मात्र इतरांना 'डॉक्युमेंटेशन वाचा' म्हणून मेल करते.

टेस्टर पेटला

शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. गावातलाच तरुण मुलगा, हिंगणघाटला आयटीआय केलेला. लोंबकळणारा डिमर बघून तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपेक्षा शिवी बरी.

त्याने डिमर काढला, जुना स्विच परत लावला, बंद केला. मग कोरड्या स्टुलावर चढून बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

"ताई, स्विच बंद आहे न?"

"बंद आहे."

"मग हे काय जळून राहिलं?"

मला एक क्षण कळलंच नाही. बाबांना कळलं. ते दारातच खाली बसले.

झालं होतं असं. आमचं बाथरूम मूळ घरात नव्हतं. मागे परसात न्हाणी होती. २००३ मध्ये बाबांनी ती घराला जोडून घेतली आणि कुणीतरी 'जाणकार' माणसाने जवळच्या पॉईंटवरून दोन वायरी ओढून लाईट दिला. दोन्ही वायरी लाल. नियम असा की स्विच नेहमी फेजवर हवा, म्हणजे स्विच बंद केला की बल्बपर्यंत वीज पोहोचतच नाही. आमच्याकडे स्विच बसला न्यूट्रलवर. तरीही बल्ब लागतो, विझतो, कुणाला काही कळत नाही, कारण रस्ता कुठेही तोडला तरी गाडी थांबते. फक्त आमच्याकडे रस्ता बल्बच्या पलीकडे तुटत होता. बटण बंद, उजेड बंद, आणि होल्डरमध्ये २३० व्होल्ट जिवंत उभे. वीस वर्षांहून जास्त.

या वीस वर्षांत बल्ब कोण बदलायचं? बाबा. कसे? 'स्विच बंद केला का ग?' असं आईला ओरडून विचारायचे, ती 'केला' म्हणायची, आणि ते प्लास्टिकच्या स्टुलावर, बरेचदा आंघोळीनंतर ओल्या पायांनी, होल्डरला हात घालायचे. मी शाळेत असताना स्टूल मीच धरायची. कधी बोट पिनला लागलं नाही, कधी दुसरा हात ओल्या भिंतीवर नव्हता, प्लास्टिकच्या स्टुलाने वाचवलं असेल. यातलं नेमकं काय, कुणास ठाऊक.

आणि माझा डिमर? तो मी त्याच न्यूट्रलवर बसवला होता. बल्ब नीट मंद झाला असता तर आम्ही खूश होऊन पेढे वाटले असते आणि वर बघितलंच नसतं. ती फडफड झाली म्हणून तो मुलगा आला.

मग त्याने गिझरचा सॉकेट उघडला. तीन भोकांचा सॉकेट, वरचं मोठं भोक अर्थिंगचं. त्याच्या मागे वायरच नव्हती. भोक फक्त शोभेला.

"काकाजी, हे सगळं काढा लागते," तो म्हणाला.

बाबांनी खर्च विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे वाचून तुमच्यातला कुणीतरी उत्साही जीव स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठला असेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच यांची साधी बदली, जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर, आपण करू शकतो. वायरिंगला हात घालायचा तर परवानाधारक माणूस लागतो. माझं प्रकरण पहिल्या वाक्यात सुरू झालं आणि दुसऱ्यात पोहोचलं. मुळात जुन्या घरात स्विच बदलायच्या आधी तो कशावर बसलाय, हे जाणकाराकडून तपासून घ्या. टेस्टर लावायला एक मिनिट लागतं. आणि बाथरूमचा बल्ब काढताना स्विचवर विश्वास ठेवू नका, मेन बंद करा. डिमर असेल तर नक्कीच, कारण काही डिमर 'बंद' केले तरी आतून थोडी वीज झिरपू देतात.

दोन दिवस घर खोदलेलं. मेनपासून बाथरूमपर्यंत नव्या वायरी: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. परसात खड्डा करून अर्थिंगचा पाईप गाडला, भोवती मीठ आणि कोळसा. आमची माती काळी. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोरड्या मातीतून करंट नीट उतरत नाही. म्हणून मे महिन्यात झाडांसारखं अर्थिंगलाही पाणी घालायचं. बाबांनी लगेच शेजारी कढीपत्ता लावला, म्हणजे विसर पडणार नाही. मेनजवळ आरसीसीबी बसला. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून वीज जमिनीत जातेय असं दिसलं, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. मॉलमधल्या एका चांगल्या बुटाच्या जोडीपेक्षा स्वस्त मिळतो. माझ्याकडे बुटांच्या सहा जोड्या आहेत.

झिरो नको, मग किती?

एवढं झाल्यावर डिमर विसरून जावा, असं आईचं मत होतं. हिंगणघाटच्या दुकानात डिमेबल बल्ब मागितला तर दुकानदारही म्हणाला, "डिमेबल कायले पाहिजे ताई? झिरो लावा न."

झिरोचा बल्ब! आपल्या प्रत्येकाच्या बालपणात तो लाल नाही तर हिरवा उजेड आहे. गंमत म्हणजे तो झिरो कधीच नव्हता. जुना काचेचा झिरो बारा ते पंधरा वॅट खायचा, म्हणजे आत्ताच्या पूर्ण एलईडी बल्बपेक्षा जास्त! आता अर्ध्या वॅटचे एलईडी झिरो मिळतात, ते खरंच नावाला जागतात. बेडरूमला, पॅसेजला उत्तम. पण बाथरूमला मी तो लावून पाहिला आणि काढला. त्या उजेडात दार दिसतं, बादली दिसते, फरशीवरचं पाणी दिसत नाही.

खरी गोची इथेच आहे. मंद लाईट म्हटलं की आपण मेणबत्तीपर्यंत पोहोचतो. पण वय वाढतं तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं, आणि साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. म्हणजे बाबांना उजेड माझ्यापेक्षा जास्तच हवा. फक्त तो डोळ्यात नको, फरशीवर हवा. मला जो मूड वाटतो तो त्यांना धोका असू शकतो. बाणेरचा डिमर जसाच्या तसा जाममध्ये आणून चाललं नसतं, ते यासाठीसुद्धा.

मग इलेक्ट्रिशियनने नागपूरहून तीन गोष्टी आणल्या. एलईडीसाठीचा डिमर, जो लाटेची सुरुवात न कापता शेवट कापतो आणि कमी वॅटलाही चालतो. डिमेबल बल्ब, पिवळसर, २७०० केल्विनचा, म्हणजे निळा 'जळणार' नाही असा. आणि दुधी काचेचा गोळा, उघडा बल्ब झाकायला. माझ्या मते सगळ्यात जास्त काम या गोळ्याने केलं, आणि तोच सगळ्यात स्वस्त होता. या डिमरला फेज आणि बल्बकडे जाणारी वायर, एवढ्या दोनच पुरतात. हल्लीच्या बहुतेक स्मार्ट स्विचना बोर्डात न्यूट्रलही लागतो आणि जुन्या बोर्डात तो नसतो, तेव्हा मोबाईलवरून गावच्या घरचा लाईट लावायचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी बोर्ड उघडून घ्यावा. सनमायका कापून डिमर नीट आत बसला. बोर्ड बाथरूमच्या बाहेर, जिथे शिंतोडे उडत नाहीत तिथे. पाहुण्यांच्या सोयीसाठी तो आत हलवावा असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

डिमरवर एक बारीक स्क्रू असतो, उजेड कमीत कमी किती ठेवायचा ते ठरवायला. तो कितीवर ठेवायचा, यावर आमच्याकडे चर्चासत्र झालं. शेवटी बाबांनी स्वतःची पद्धत काढली. रात्री साडेनऊला घरातले सगळे दिवे बंद केले, अर्धा तास अंधारात बसायला लावलं. ("डोळा सरावू दे, तूच म्हणून राहिली होती न?") मग फरशीवर मगभर पाणी ओतलं आणि उंबऱ्यात उभे राहून इलेक्ट्रिशियनला सांगत राहिले, कमी कर, अजून कमी, अजून. पाणी दिसेनासं झालं तिथे थांबवलं. "आता जरासा वाढव." पाण्याच्या कडेवर चमक आली. "बस. इथंच."

मी एका मल्टिनॅशनल कंपनीत युजर टेस्टिंग करते. एवढी स्वच्छ टेस्ट मी अजून पाहिलेली नाही.

बिलाची काळजी आईला होती. बाबांनी कॅलेंडरच्या मागे हिशोब केला: नऊ वॅट, रोज आठ तास, महिना तीस दिवस, दोन हजार एकशे साठ वॉट-तास. अगदी पूर्ण उजेडात रात्रभर ठेवला तरी महिन्याला सव्वादोन युनिटांच्या आत. मंद ठेवला तर त्याहून कमी. एवढ्यासाठी दोन वर्षं अंधारात चाचपडलो, असं काही ते म्हणाले नाहीत. कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

निघायच्या आदल्या रात्री पुन्हा दोनला जाग आली. भिंतीवर हाताचा आवाज नव्हता. बाथरूमच्या दाराखालून पिवळ्या उजेडाची पट्टी पॅसेजभर पसरली होती, आणि त्या पट्टीवरून बाबा चालत गेले, दोन्ही हात मोकळे. बाहेर हायवेवर एक ट्रक चौरस्त्याला वळला, त्याच्या दिव्याचा झोत छतावरून सरकून गेला.

सकाळी आईची नवी अडचण. दिवसा आंघोळीला ती बटण पूर्ण फिरवते, रात्री परत कुठे आणायचं ते तिला कळत नाही, चष्मा नसला की खुणा दिसत नाहीत. तिने कपाळाची लाल टिकली काढली आणि प्लेटवर बरोबर त्या जागी चिकटवली. अंधारात बोटाला लागते.

परवा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या फ्लायओव्हरखाली अडकले होते. सगळं ठीक आहे का विचारलं.

"ठीक कायचं," आई म्हणाली. "टिकली पडली. बाबानं दुसरी लावली, तर ती हिरवी. माझ्या हिरव्या साडीवरची होती."